स्प्राउटिंग ब्रोकोली, मु. पो. अंबरनाथ

आमच्या घरात ‘स्प्राउट्स’ म्हणजे मटकी. कधीमधी मूग, श्रावणात वाल, पण मुख्यतः मटकी. रात्री भिजत घालायची, सकाळी पंच्यात बांधायची, पंचा डब्यात आणि डबा ओट्याच्या कोपऱ्यात. या शब्दाला यापलीकडे काही अर्थ असेल अशी शंका आमच्यापैकी कोणालाही आली नव्हती, आणि पुढची सगळी रामकहाणी घडली ती त्यामुळेच. बाबांना तर अजिबातच आली नव्हती, कारण बाबांना शंका घेण्याचा पगार मिळत असे आणि घरी आल्यावर ते शंका घेत नसत. ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. टँकरमधला माल गेटवर आला की नमुना काढायचा, तपासायचा आणि किंचित जरी भेसळ आढळली तरी अख्खा टँकर परत पाठवायचा. मालकाचा फोन आला तरी बाबा ऐकत नसत. ‘मी आयुष्यात चुकीचं सॅम्पल पास केलेलं नाही’ हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून जेवताना, प्रवासात आणि एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत ऐकलं होतं.

आमचा ब्लॉक तळमजल्यावर होता. तळमजल्याचे तोटे सगळ्यांना माहीत असतात, मच्छर, उंदीर, आणि वरच्या मजल्यावरून पडणाऱ्या चड्ड्या परत नेऊन देणं. पण मागच्या दाराबाहेर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मातीची एक पट्टी होती आणि ती आईची होती. कागदोपत्री सोसायटीची, पण अळू, गवती चहा, कढीपत्ता आणि भिंतीवर चढलेला दुधी यांना कागदपत्रं वाचता येत नव्हती. आई वांगणीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. भाताची लावणी करत वाढलेली. लग्न होऊन अंबरनाथला आली तेव्हा पहिले काही दिवस तिला झोपच लागत नसे, कारण पायाला दिवसभर फरशीच लागायची, असं ती सांगे. मग तिनं मागचं दार उघडलं, तिथला डेब्रिसचा ढीग स्वतः उचलला आणि माहेराहून गोणीतून माती आणली. मी आता चिखलोलीला टॉवरमध्ये राहते. आमच्याकडे ‘लँडस्केप गार्डन’ आहे, त्यात पाय ठेवला की वॉचमन शिट्टी वाजवतो. म्हणून असेल, ती पट्टी मला हल्ली फार आठवते.

त्या वर्षी गणपती झाल्यावर सोसायटीची मीटिंग झाली आणि चेअरमन पाठारेकाकांनी मागची सगळी मोकळी जागा पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंगला घ्यायचा ठराव मांडला. पाठारेकाकांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती आणि तिच्यावर कावळे शिटत होते, हे त्या ठरावाचं खरं कारण. बाबा म्हणाले, तिथे बाग आहे. काका म्हणाले, बाग कसली, गवत आणि अळू आहे, डास होतात. आता अळूला गवत म्हटल्यावर बाबांनी अळूची बाजू घ्यायची, तर उचलली जीभ लावली टाळ्याला. ते म्हणाले की तिथे लवकरच ब्रोकोली लागणार आहे. आणि साधी नव्हे, स्प्राउटिंग ब्रोकोली, तीन व्हरायटी, जांभळी, पांढरी आणि हिरवी. हे त्यांनी आदल्याच दिवशी मोबाइलवर कुठल्यातरी आरोग्याच्या फॉरवर्डमध्ये वाचलेलं होतं. पाठारेकाकांना डॉक्टरांनी त्याच आठवड्यात शुगरसाठी ब्रोकोली खायला सांगितली होती, त्यामुळे त्यांना एकदम ना म्हणवेना. शेवटी ठरलं ते असं: संक्रांतीला कमिटी बघायला येईल. ब्रोकोली आली असेल तर बाग राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी ब्लॉकची गाडी.

बाबा विजयी मुद्रेनं घरी आले आणि त्यांनी आईला ही बातमी सांगितली. आई कणीक मळत होती. तिनं विचारलं, ब्रोकोली म्हणजे काय? बाबा म्हणाले, फ्लॉवरसारखं असतं, पण इंग्लिश. आईचे हात थांबले. भांडण झालं नाही, पण त्या रात्रीच्या पोळ्या अशा काही झाल्या की बाबांनी त्या तीन घोट पाण्याबरोबर एक या हिशोबानं खाल्ल्या. आई मला एवढंच म्हणाली, “बाय, माझी जमीन यांनी पैजेला लावली.” ती माहेरच्या माणसांशी बोलते त्या सुरात हे बोलली, आणि तेव्हा मला कळलं की ती खरंच घाबरली आहे.

बियाणं आणायला बाबा आणि मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेलो. आमच्या शेजारच्या सुंदरी आंटींच्या भावाचं, लछूभाईंचं, तिथे दुकान होतं. त्या दुकानात बादल्या, लग्नाचे फेटे, उंदीर मारायचा गोंद आणि बियाणं एकाच फळीवर असे. लछूभाईंनी स्टुलावर चढून तीन पाकिटं काढली, त्यावरची धूळ फुंकली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “साईं, ठंडे मुल्क का माल है. इधर आया तो आपका नसीब.” बाबांनी हे वाक्य ऐकलं नाही. त्यांचं लक्ष पाकिटावरच्या अक्षरांकडे होतं. SPROUTING. त्यांनी मला ते बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, “ऋतू, बघ. मोड आणायचे आहेत.” पाकिटामागे बारीक अक्षरात पेरणीची कृती होती. पण सूचना वाचणं हे ज्यांना समजत नाही त्यांचं काम आहे असं बाबांचं मत होतं.

तर जांभळ्या व्हरायटीचं असं झालं. बाबांनी स्वतःच्या हातानं ते बी कोमट पाण्यात भिजवलं, स्वच्छ रुमालात बांधलं आणि डब्यात ठेवलं. मोड आले, आणि काय सुंदर आले. बाबांनी मोबाइलवर फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ‘फेज वन सक्सेसफुल’. चार जणांनी अंगठे दाखवले. मग प्रश्न आला की याचं करायचं काय, आणि मोडांचं जे करतात तेच आईनं केलं. कांदा, गोडा मसाला, गूळ, वरून खोबरं. मोड जेमतेम मूठभर होते म्हणून तिनं चार बटाटे घातले. त्यामुळे ती वस्तुतः बटाट्याची भाजी होती आणि तिला ब्रोकोलीची पीडा झाली होती. पहिल्या घासाला बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कच्चा मुळा चावल्यासारखा झणका थेट नाकात. “पौष्टिक आहे,” ते म्हणाले आणि नाक पुसलं. सुंदरी आंटींना वाटीभर पाठवली होती, त्या वाटी घेऊनच आल्या. त्यांनी विचारलं, भाभी, हे कशाचं केलंय? सांगितल्यावर त्या आधी सोफ्यावर बसल्या, मग पोट धरून हसल्या, आणि मग त्यांनी भावाला फोन लावून तो स्पीकरवर टाकला. लछूभाई पलीकडून ओरडत होते की अरे साईं, उसका झाड होता है झाड, फुटवे येतात म्हणून नाव तसं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की प्रयोगात पहिलं सॅम्पल नेहमी असंच जातं.

पांढरी व्हरायटी आईनं स्वतःकडे घेतली. तिची पद्धत तिच्या बापाची. भाताचं बी असो की इंग्लिश फ्लॉवर, राब भाजल्याशिवाय बी टाकायचं नाही. तिनं सुका पाला, गवत आणि कुठूनशा मिळवलेल्या गोवऱ्या पट्टीवर पसरल्या आणि दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी त्या पेटवून दिल्या. माती भाजली की तण मरतं आणि रोप जोमानं येतं, हे तिला ठाऊक होतं. वरच्या मजल्यांना ते ठाऊक नव्हतं. ग्रुपवर ‘फायर???’ असा मेसेज आला, कुणीतरी गॅस बंद करा म्हणालं, आणि पाठारेकाका बनियनवर, हातात लाल फायर एक्स्टिंग्विशर घेऊन जिना उतरले. तो चालवायचा कसा हे मात्र त्यांना माहीत नव्हतं, कारण सूचना त्यांनीही वाचल्या नव्हत्या. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “भावजी, राब हाय. ईझल आपोआप.” काका ते लाल नळकांडं कडेवर घेऊन परत वर गेले.

रोपं उगवली आणि वाढली. वाढली म्हणजे किती, तर मार्गशीर्षात ती माझ्या कमरेला लागली. निळसर, मेणचट, सुपाएवढी पानं. पण फुटव्याचं नाव नाही. बाबा रोज सकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक रोपाच्या पोटात डोकावत आणि उठून म्हणत, उद्या. लछूभाईंना फोन केला तर ते म्हणाले, त्याला थंडी लागते, लांबलचक थंडी, तेव्हाच फूल धरतं. अंबरनाथची थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून काढायचा, त्याला डांबराच्या गोळीचा वास येतो म्हणून वाळत टाकायचा, आणि वाळेपर्यंत थंडी संपलेली. तरी बाबांनी प्रयत्न सोडला नाही. फ्रीजरमधला बर्फ ते रोज संध्याकाळी रोपांच्या बुंध्याशी घालू लागले. आई खिडकीतून बघे. तिला हसावं की रडावं कळत नसे, आणि त्या दिवसांत ती बरेचदा दुसरंच करे. माझ्यासमोर करत नसे, पण कांदा न चिरता डोळे लाल दिसले की मुलींना कळतं.

राहिली हिरवी. हिच्यावर सगळी मदार होती, कारण लछूभाईंच्या म्हणण्याप्रमाणे हिला थंडी कमी लागते. बाबांनी हे बी शास्त्रशुद्ध पेरायचं ठरवलं. ऑफिसचं भिंग आणलं, बी एका स्टीलच्या वाटीत ओतलं आणि फुटके, पोचट दाणे निवडायला बसले. कुठे बसले, तर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, तिथली ट्यूब सगळ्यात प्रखर म्हणून. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता, आईची पूजा झालेली, नैवेद्याच्या वरणाची फोडणी द्यायची घाई, आणि मिसळणाच्या डब्यातली मोहरी नेमकी संपलेली. ब्रोकोलीचं बी आणि मोहरी एकाच रंगाची, एकाच आकाराची, एकाच कुळातली. पुढचं सांगायला नको. तेल तापलं होतं, वाटी समोर होती, आणि चमचाभर बी ते किती, सगळंच गेलं. बी तडतडलंही अगदी मोहरीसारखं. आईनं हिंग घातला, हळद घातली, मग तिची नजर ओट्यावरच्या रिकाम्या पाकिटावर गेली, आणि तिनं गॅस बंद केला.

मी दारात उभी होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, पदराच्या गाठीतून सुट्टे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, “वाण्याकडून मोहरी आण. बारीक आण. पळ.” मी पळाले. परत आले तेव्हा बाबा अजून फोनवरच होते. आईनं वाटी पुसली, मोहरी ओतली आणि वरण ढवळायला लागली. बाबा आले, भिंग डोळ्याला लावलं आणि पुढचा अर्धा तास मोहरी निवडत बसले. “बघ ऋतू,” ते मला म्हणाले, “परदेशी बी. दाणा न् दाणा एकसारखा. आपल्याकडे असं मिळणार नाही.” आईच्या हातातून डाव निसटून पातेल्यात पडला. त्या दिवसापासून आमची दोघींची अळीमिळी गुपचिळी. बाबांनी ती मोहरी सुतळी लावून, सरळ ओळीत पेरली आणि शेवटी पाटी रोवली, ‘व्हरायटी ३, ग्रीन’.

मोहरी अंबरनाथला नाही येणार तर कुठे येणार. भाजलेली माती, आईचं पाणी आणि बाबांची रोजची दृष्ट. महिन्याभरात ती गुडघ्याच्या वर गेली आणि संक्रांतीच्या तोंडावर तिच्या शेंड्यांवर हिरव्या कळ्यांचे गच्च, नाजूक तुरे आले. मोबाइलवरच्या स्प्राउटिंग ब्रोकोलीच्या चित्राशेजारी धरले तर, बघणाऱ्याचा चष्मा घरी राहिला असेल तर, तेच म्हणून खपावं असे. बाबा आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. आई मात्र देव पाण्यात घालून बसली. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला जिन्यावरचं प्रत्येक पाऊल कमिटीचं वाटे. आणि तिला भीती दोन होत्या, हे मला आत्ता नीट कळतं. एक जमीन जायची. दुसरी, सगळ्या सोसायटीसमोर बाबांची फजिती व्हायची, तीही तिच्या हातानं. एका रात्री ती मला म्हणाली की खरं सांगून टाकते. मग म्हणाली, नको, त्यांना पेढे परत मागावे लागतील.

संक्रांतीच्या सकाळी पाठारेकाका कमिटीतल्या आणखी दोघांना घेऊन आले. सुंदरी आंटी तीळगूळ द्यायच्या निमित्तानं आधीच येऊन भिंतीला टेकल्या होत्या. त्यांनी तुरे पाहिले, आईकडे पाहिलं आणि ओढणी तोंडावर धरली. बाबांनी कमिटीला आधी पांढरी व्हरायटी दाखवली, ‘ही अजून अभ्यास करतेय’ म्हणाले आणि मोठ्या दिमाखात हिरव्यापाशी नेलं. पाठारेकाकांनी फोन काढून मॉलमधल्या ब्रोकोलीचा फोटो दाखवला. हा गड्डा आहे, इथे गड्डा कुठे आहे? बाबांनी स्प्राउटिंग म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं. मोडांचा उल्लेख त्यांनी केला नाही. मग काकांनी वाकून एक तुरा हुंगला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, मला हा मोहरीचा वास येतोय. सुंदरी आंटी मध्ये पडल्या, “अरे पाठारेभाऊ, डॉक्टर लोग जो बोलते हैं ना, वही है ये. इसमें सल्फर होता है.” पण काकांचं समाधान झालं नाही. ते सरळ आईकडे वळले आणि त्यांनी विचारलं, “वहिनी, तुम्ही शेतीतल्या. खरं सांगा, ही ब्रोकोलीच ना?”

आईला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलता येतं, पण ते तिच्या तोंडावर लिहिलेलं असतं. ती म्हणाली, “बी यांनी स्वतः निवडून पेरलंय. मी पाणी घातलं.” यातला शब्द न् शब्द खरा होता. काका हसले आणि बाबांना म्हणाले, “भोईर, तुम्ही क्वालिटीवाले. चुकीचं सॅम्पल पास करत नाही म्हणता. मग खाऊन सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लिहून घेतो, विषय संपला.” बाबा तयारच होते. त्यांनी सगळ्यात भरघोस तुरा कचकन मोडला आणि कळ्या, देठ, पान असा अख्खा तोंडात घातला.

दोनदा चावल्यावर ते थांबले. ज्या माणसाला टँकरभर मालातली थेंबभर भेसळ कळत होती, त्याला मोहरी कळणार नाही असं थोडंच आहे. शिवाय जांभळीच्या मोडांची चव वेगळी आणि ही आमच्या रोजच्या फोडणीतली, जन्मभराची ओळखीची. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी ओळीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई अनवाणी उभी होती, पाय घोट्यापर्यंत मातीत, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती की मला तिच्याकडे बघवेना. मी बाबांना ओळखत होते. ते आता ‘रिजेक्ट’ म्हणणार, ही माझी खात्री होती, कारण दुसरं काही म्हणता येणारा माणूसच तो नव्हता. मला रडू यायला लागलं होतं. बाबांनी तोंडातलं सावकाश चावलं आणि गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“ब्रोकोली आहे,” ते म्हणाले. “लिहा. मी सही करतो.”

त्यांनी खरोखर सही केली, पूर्ण नावाची, तारीख घालून. कमिटी तीळगूळ खाऊन गेली. जाताना पाठारेकाकांनी शुगरसाठी म्हणून एक जुडी मागून नेली आणि पुढे कित्येक आठवडे नेत राहिले. त्यांची शुगर उतरली, त्याचं श्रेय ते अजून ब्रोकोलीला देतात. पेव्हर ब्लॉक सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या बाजूला टाकले. त्या मोहरीचं बी बाबांनी पुढे कोणालाही दिलं नाही. कंपनीतल्या लोकांनी फार मागितलं, पण ते म्हणायचे की ही व्हरायटी याच मातीत येते. इतरांना हा त्यांचा अहंकार वाटे.

त्या दिवशी दुपारी बाबा जेवायला बसले तेव्हा ताटात गुळाची पोळी होती आणि ते एकामागून एक पाण्याचे तांबे रिकामे करत होते. आई वाढता वाढता थांबली. तिला बोलायचं होतं आणि सुरुवात सापडत नव्हती. शेवटी तिनं खाली मान घालून विचारलं, “अहो, फार तिखट लागली का?”

“नाही,” बाबा म्हणाले. त्यांनी पोळीवर तूप ओढून घेतलं. “जमीन चांगली आहे तुझी.”

बागेतला नळ चालू राहिलाय असं म्हणून आई मागच्या दारानं बाहेर गेली. नळ बंदच होता. ती बराच वेळ आत आली नाही, आणि बाबांनी पुढची पोळी स्वतःच्या हातानं वाढून घेतली.